शैलाताई बाद

शैलाताई लोंढे यांना आयुष्यात कुणी पकडलेलं नाही, ही गोष्ट वॉटफर्डच्या मराठी मंडळींत ज्याला ठाऊक नाही, तो माणूस बहुधा कालच विमानातून उतरलेला असावा. गोष्ट कबड्डीतली होती. बार्शीच्या पलीकडे एका गावात शैलाताई शाळेच्या संघातून दोन हंगाम खेळल्या, दर सामन्यात चढाईला गेल्या आणि एकदाही बाद झाल्या नाहीत. हे त्या विहारात भोजनदानाच्या वेळी सांगत, कुणाच्या बारशाला सांगत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता. गावाचं नाव तेवढं त्या सांगत नसत. त्या संघातल्या आणि समोरच्या संघातल्या काही जणी आता फेसबुकवर त्यांच्या फ्रेंड होत्या, आणि रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवत.

लग्न होऊन त्या इकडे आल्या त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. नवरा प्रमोदराव छापखान्यात होते. शैलाताईंनी आधी सँडविचच्या कारखान्यात काकड्या कापल्या, मग मुलगी मोठी झाल्यावर कौन्सिलची जाहिरात बघून अर्ज केला आणि शाळेसमोरची लॉलीपॉप लेडी झाल्या. अंगात गुडघ्याखाली येणारा पिवळा कोट, हातात डोक्यापेक्षा उंच काठी, काठीच्या टोकाला 'स्टॉप' लिहिलेली गोल पाटी. पोरांना रस्ता ओलांडायचा असला की त्या पाटी उभी करून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहत. ज्या बाईला लहानपणी समोरून कुणी आलं की वाट सोडून बाजूला व्हावं लागे, तिच्यासमोर आता रेंज रोव्हर थांबतात, आणि आतला साहेब हात वर करून गुड मॉर्निंग म्हणतो. याचं त्यांना रोज सकाळी नव्याने सुख व्हायचं. पासष्टीला आल्या तरी त्या नोकरी सोडत नव्हत्या, ते काही पगारासाठी नव्हे.

त्यांची नात तनू ब्रिस्टलला इंजिनियरिंग शिकत होती. विमानाच्या पंखांचं काहीतरी शिकत होती, आणि त्यातून वेळ काढून युनिव्हर्सिटीच्या संघात कबड्डी खेळत होती. का, तर आजी न हरलेली खेळाडू, म्हणून. पहिल्या दिवशी कोचने विचारलं, कबड्डी माहीत आहे का, तेव्हा पोरीने छाती पुढे काढून सांगितलं होतं, 'इट्स इन माय ब्लड.' हे ऐकल्यावर शैलाताईंनी कौतुकाने तिच्या गालावरून हात फिरवला होता, आणि त्या दिवशी जेवणात मीठ दोनदा पडलं होतं. पण मिठाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत तनू घरी आली ती सिनेमाची तिकिटं काढूनच. तमिळ सिनेमा होता, कबड्डीचा. खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीतला पोरगा, गावचं मैदान, पुढे राज्याचा संघ. दुपारचा खेळ, शेजारी पॉपकॉर्न, खाली इंग्रजीतून अक्षरं. शैलाताई पहिला अर्धा तास मजेत होत्या. खेळाडूंच्या चुका काढत होत्या. 'पाय बघ कुठे टाकतोय,' 'अरे, डावीकडे बघ की,' असं त्या हिरोला मराठीतून सांगत होत्या, आणि पुढच्या रांगेतली तमिळ मंडळी अधूनमधून मागे वळून बघत होती.

मग तो प्रसंग आला. जत्रेतला सामना. हिरो चढाईला निघतो, आणि समोरचा संघ, वरच्या आळीतली पोरं, शांतपणे आपापल्या हातांना पंचे गुंडाळायला लागतात. बोटांपासून मनगटापर्यंत. या पोराच्या अंगाला हात लागू नये म्हणून. आणि पंचे गुंडाळलेल्या हातांनी ते त्याला धरतात, आपटतात, दाबून ठेवतात. थिएटरमध्ये कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं.

त्या शांततेत शैलाताईंचा आवाज आला. रस्त्यावर ट्रकवाल्याला थांबवणारा आवाज, तो काही हळू येत नाही.

"ह्याला निदान पकडलं तरी!"

पुढून कुणीतरी 'श्श' केलं. तनूने आजीकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात आजीचे गाल ओले दिसत होते, आणि चेहरा मात्र रडणाऱ्या माणसाचा नव्हता, भांडणाऱ्या माणसाचा होता.

सिनेमा संपल्यावर दोघी मल्टिप्लेक्सच्या कॅफेत बसल्या. चहा आला, तो नेहमीप्रमाणे पांचट होता. शैलाताईंनी त्याला नेहमीप्रमाणे नावं ठेवली नाहीत. तेव्हाच तनूला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"आजी, तू काय म्हणालीस आतमध्ये? व्हॉट डिड यू मीन?"

"काही नाही गं."

"नो, सांग. प्लीज. तुझा मॅचमध्ये पण असं झाला होता?"

शैलाताईंनी कागदाचा कप हातात फिरवला, आणि पन्नास वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट नातीला सांगून टाकली.

"मला कुणी पकडलं नाही हे खरंय, बाळा. शंभर टक्के खरं. पण मी आत गेले की काय व्हायचं, तर पोरी बाजूला व्हायच्या. एक इकडे पळायची, एक तिकडे पळायची, आणि पळता पळता रेषेच्या बाहेर, म्हणजे आपोआप बाद. उरलेल्या एकमेकींवर आदळायच्या. मी आपली लांबूनच हात लावायचे आणि परत यायचे. ज्यांना हात लागला त्या घरी जाऊन आंघोळ करायच्या म्हणे. आमच्या संघातल्या पोरीसुद्धा मला सरावाला धरायच्या नाहीत. पण आमचे पी.टी.चे सर मोठे हुशार. म्हणायचे, पहिली चढाई शैलाची. लोण चढवायला मी, आणि मध्यंतरात पाणी प्यायला ओंजळ. वरून ओतायचे."

तनूच्या तोंडून एक इंग्रजी शब्द निघाला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"मग डिस्ट्रिक्ट लेव्हलला? तिथे तर कुणाला माहीतच नसेल ना, की तू कोण?"

"तेच तर. सोलापूरच्या पोरी मला ओळखत नव्हत्या. त्यांनी मला धरलं असतं, खरं धरलं असतं. मी त्या दिवसाची वाट बघत होते. पण तिथे मुक्काम होता. सगळ्या पोरी एका खोलीत झोपणार, एका पंक्तीला जेवणार. सर म्हणाले, शैला, तुझी राहायची अडचण होईल. संघ माझ्याशिवाय गेला आणि पहिल्याच सामन्यात हरून आला."

"गुड!" तनू म्हणाली.

"मलापण तेव्हा तसंच वाटलं," शैलाताई म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू थांबलं. "पण तनू, मी चांगली खेळायचे का नाही, ते मला आजतागायत माहीत नाही बघ. चपळ होते, दम होता, सगळं होतं. पण कुणी धरायलाच आलं नाही, तर कसं कळणार? आणि मी आपली सगळ्या वॉटफर्डला सांगत सुटले. तुझ्या आईला सांगितलं. तुला सांगितलं."

घरी आल्यावर त्यांनी प्रमोदरावांनाही सांगून टाकलं. एकदा बांध फुटलाच होता. प्रमोदराव टीव्हीवरची बातमी बंद करून ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी चँपियनचा नवरा म्हणून मिरवतोय, ते काय समजायचं?" शैलाताईंनी उशी फेकून मारली. ती त्यांना बरोबर लागली. मग प्रमोदरावांनी उठून चांगला, आलं ठेचून चहा केला.

आता योगायोग म्हणा, की जयंती तोंडावर आली होती. दरवर्षी एप्रिलमध्ये वॉटफर्डचं बौद्ध मंडळ बाबासाहेबांची जयंती लेझर सेंटरच्या, म्हणजे कौन्सिलच्या क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये साजरी करतं. यंदा सेक्रेटरी धम्मशीलाच्या मनात भाषणं कमी करून काहीतरी जिवंत करायचं आलं. ही धम्मशीला बँकेत नोकरीला, चाळिशीची, आणि हिला एक काम सांगितलं की चार करून मोकळी होणारी. तिने क्रॉयडनच्या तमिळ मुलींच्या कबड्डी क्लबला मैत्रीपूर्ण सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं, त्यांनी हो म्हटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की वॉटफर्डकडे संघच नाही. मग तनूवर संघ जमवायची जबाबदारी आली, आणि तनूने ती आजीवर ढकलली.

संघ म्हणजे काय, तर विहारात रविवारी येणाऱ्या पोरी आणि त्यांच्या मैत्रिणी. ऋजुता वकिली शिकणारी, मायरा जिममध्ये ट्रेनर, बाकीच्या अशाच. सगळ्या इथेच जन्मलेल्या. शाळेच्या हॉलमध्ये निळ्या मॅट अंथरल्या आणि शैलाताईंनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला आवळली.

"हे बघा पोरींनो, चढाई म्हणजे पाहुणी म्हणून जायचं नाही. दरोडा घालायला जायचं."

आणि त्या 'कबड्डी कबड्डी' करत घुसल्या. इतक्या वर्षांनी पायाला मॅट लागली, पण पाय विसरले नव्हते. डावीकडे झुकल्या, उजवीकडे वळल्या, हात लांब केला. आणि समोरच्या पोरी दोन्हीकडे पांगल्या.

शैलाताई जागच्या जागी थांबल्या. त्यांचा दम तुटला.

"केअरफुल, आजी!" ऋजुता काळजीने म्हणाली. दोघी-तिघींनी हात पुढे केले होते, पण ते आजी पडल्या तर सावरायला.

"पकडा की मला!"

"आँटी, ॲक्चुअली सेफगार्डिंग आहे," मायरा अवघडून म्हणाली. "सिक्स्टीच्या वरच्या लोकांना टॅकल नाही करायचं. मी जिममध्ये ट्रेनिंग घेतलंय."

"आणि माझी मम्मी मला मारून टाकेल," ऋजुता म्हणाली. "तुम्हाला कसं पाडायचं? मोठ्यांना पाय लागला तर आम्ही सॉरी म्हणतो."

शैलाताईंनी पुन्हा चढाई केली. पोरी पुन्हा बाजूला झाल्या, आणि या वेळी तर दोघी टाळ्याही वाजवत होत्या. तिसऱ्या वेळी तनू पुढे आली. तिला सगळं ठाऊक होतं. तिने आजीला कमरेत धरलं आणि धरताक्षणीच तिचे हात सैल पडले. आजीच्या अंगाला येणारा बामाचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता, तो नाकात शिरला आणि तिची हिंमतच झाली नाही.

"ही पकड नाही बाई," शैलाताई तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "ही मिठी आहे."

त्या बाकावर जाऊन बसल्या. रडावं की हसावं ते त्यांना कळेना. तेव्हा विटाळ होतो म्हणून, आता आदर आहे म्हणून. दोन्ही वेळा शैला आपली नाबाद! पोरींचं काही चुकत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. त्या सरांवर निदान चिडता तरी येत होतं. या पोरी पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या, एकीने टोपण काढून दिलं, आणि त्याच बाटलीतून आधी मायरा घटाघटा प्यायली होती. शैलाताईंनी बाटली तोंडाला लावली आणि सगळं पाणी संपवलं.

सराव चालू राहिला. शैलाताईंनी पोरींना शिकवायचं ते शिकवलं, कोपऱ्यात कसं दबा धरून बसायचं, साखळी कशी धरायची, घोट्यावर झडप कशी घालायची. पोरी एकमेकींना धडाधड पाडायला लागल्या. आजींना मात्र कुणी हात लावत नव्हतं.

जयंतीच्या दोन दिवस आधी धम्मशीलाचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुलला होता.

"शैलाताई, जय भीम! अहो, एक आयडिया आलीय. उद्घाटनाला रिबन वगैरे नकोच. तुम्ही प्रमुख पाहुण्या, आणि सामन्याची पहिली चढाई तुमची! नाबाद खेळाडू, पहिली चढाई. कसं वाटतं? तुम्ही फक्त आत जाऊन रेषेला पाय लावून यायचं, सगळे टाळ्या वाजवतील. क्रॉयडनच्या कॅप्टनला मी मेसेज केलाय, नो टॅकल म्हणून. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

पहिली चढाई शैलाची. शैलाताईंनी फोन कानापासून जरा लांब धरला. पी.टी.च्या सरांचे शब्द जसेच्या तसे, फक्त आता त्यात प्रेम होतं. नाही म्हणावं तर धम्मशीला बिचारी हिरमुसली असती. त्यांनी बरं म्हटलं.

तनू शेजारीच होती. "आजी, सिंपल आहे. मी कयलला सांगते, त्यांची कॅप्टन. शी विल कॅच यू. मेसेज करू?"

"सांगशील तर याद राख!" शैलाताई एकदम कडाडल्या. "सांगून पकडायला लावलं तर ते नाटक झालं. मला नाटक नको. कुणाला आपणहून वाटलं पाहिजे, की ही बाई निसटतेय, हिला धरली पाहिजे. तसं कुणाला वाटलं नाही, तर राहू दे. पाय लावीन आणि येईन परत. एवढी वर्षं गेली, आणखी काय."

पण त्या रात्री झोपल्या नाहीत, हे प्रमोदरावांना ठाऊक होतं. कारण तेही झोपले नव्हते.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. पुढे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या, कारण गेल्या वर्षी खऱ्या मेणबत्त्यांनी फायर अलार्म वाजला होता आणि पंचशील सगळ्यांनी कार पार्कमध्ये उभं राहून म्हटलं होतं. सगळीकडे पांढरे कपडे, मागच्या टेबलांवर बिर्याणीची पातेली आणि वडापावचे ट्रे. वंदना झाली, एकच भाषण झालं, तेही धम्मशीलाने घड्याळ दाखवून आवरायला लावलं. मग खुर्च्या भिंतीला लावल्या आणि मॅट अंथरल्या.

पंच प्रमोदराव. यूट्यूबवर नियम बघून त्यांनी इतका अभ्यास केला होता की गळ्यातली शिट्टी आंघोळीलाही निघत नव्हती. क्रॉयडनच्या मुली लाल जर्सीत, वॉटफर्डच्या निळ्या. क्रॉयडनची कॅप्टन कयल फार्मसीत काम करणारी, बुटकी, भक्कम, कोपऱ्यात उभी राहणारी. ती शैलाताईंना बघून गोड हसली, हात जोडले आणि वणक्कम म्हणाली.

माईकवरून धम्मशीलाने जाहीर केलं, "आणि आता, आयुष्यात जिला कुणी पकडू शकलं नाही..." टाळ्यांचा कडकडाट झाला. शैलाताईंनी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, फोटोकडे एकदा पाहिलं, आणि दम धरला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

लाल जर्सीवाल्या मुली शिस्तीत मागे सरकल्या. चेहऱ्यावर हसू, हात पाठीमागे. शैलाताई आत गेल्या, बोनस रेषेच्या पार गेल्या. एका मुलीच्या दंडाला हात लावला. ती हसली. मग कोपऱ्याकडे झुकून कयलच्या खांद्यावर टपली मारली. कयलही हसली. हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. दोन गुण पदरात होते, मध्यरेषा मोकळी होती, समारंभ छान झाला होता. कुठलीही शहाणी बाई इथून परत फिरली असती.

शैलाताई फिरल्या. चार पावलं आल्या. मध्यरेषेच्या अलीकडे क्षणभर थांबल्या आणि गर्रकन वळून पुन्हा आत घुसल्या.

"अगं, अहो, शैलाताई!" माईकमधून धम्मशीला.

या वेळी त्यांनी कोपरा धरला. कयलसमोर जाऊन त्या उजवीकडे झुकल्या. कयल तिकडे वळली, तर त्या डावीकडून पुढे आल्या आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून मागे सरल्या. प्रेक्षकांत क्रॉयडनहून आलेली पोरंही खदाखदा हसली. कुणीतरी तमिळमध्ये काहीतरी ओरडलं. ते काय होतं ते वॉटफर्डला कळलं नाही, पण कयलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू गेलं. तिचे हात पाठीमागून पुढे आले, गुडघे वाकले.

शैलाताईंनी ते पाहिलं. समोर आता एक खेळाडू उभी होती, आणि तिला समोर प्रमुख पाहुणी दिसत नव्हती. त्यांना इतका आनंद झाला की दम तुटता तुटता वाचला.

आता त्या खऱ्या पळाल्या. पासष्टीच्या पायांत होतं नव्हतं तेवढं सगळं घालून मध्यरेषेकडे निघाल्या. पाठीमागे मॅटवर धप्प आवाज झाला, आणि उजव्या घोट्याला दोन हातांचा घट्ट विळखा पडला.

शैलाताई पोटावर आदळल्या. हॉलभर 'आई गं' झालं. खाली पडल्या पण दम सुटला नाही, तोंडाने कबड्डी चालूच, आणि कोपरांवर जोर देऊन त्या कयलला ओढत पुढे सरकायला लागल्या. कयल ओरडली. आणखी एक लाल जर्सी कमरेवर येऊन पडली. तरी ही बाई सरकतेच आहे असं दिसल्यावर तिसरी पाठीवर आली. मध्यरेषा समोर दिसत होती. शैलाताईंनी हात लांब केला, बोटं ताणली, आणि वीतभर अंतर राहिलं. तिथे दम संपला.

धम्मशीला माईक टाकून प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावली. मायरा ओरडत होती, "आँटी, डोन्ट मूव्ह, डोन्ट मूव्ह!" कयल उठून तोंडावर हात ठेवून उभी होती. "ओ माय गॉड, सॉरी, सॉरी आँटी, मी विसरलेच, आय जस्ट फरगॉट..." ती इंग्रजीत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

"विसरलीस?" शैलाताईंनी मॅटवरूनच मान वळवून इंग्रजीत विचारलं. "खरंच विसरलीस?"

"तुम्ही निघून चालला होतात ना! मला वाटलं, गेली ही! आणि तीन जणी लागलो हो आम्ही. थ्री ऑफ अस!"

शैलाताईंनी कपाळ मॅटला टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. तनू गुडघ्यांवर बसून वाकून बघत होती, आजी रडतेय की हसतेय, आणि तिला दोन्ही दिसलं.

"ठीक आहे, ठीक आहे, ही फक्त औपचारिक चढाई होती," धम्मशीला सगळ्यांना धीर देत म्हणाली. "गुणांत धरायची नाही. ताई नाबादच आहेत. आता आपण खरा सामना..."

"गप बस गं!" शैलाताई उठून बसल्या. केस विस्कटलेले, ड्रेस गुडघ्यावर फाटलेला, आत रक्त. त्या कुणाला शोधत होत्या. पंच मध्यरेषेजवळ पुतळा होऊन उभे होते, शिट्टी ओठांत, आणि शिट्टी वाजत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत असलं की शिट्टी फुंकणं अवघड जातं.

"अहो, बघता काय? वाजवा की!"

प्रमोदरावांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जमलं. शिट्टी अशी वाजली की बॅडमिंटनच्या हॉलमधले लोक दारात येऊन बघायला लागले. मग त्यांनी हात वर केला आणि यूट्यूबवर शिकलेल्या सगळ्या खुणा विसरून साध्या मराठीत सांगितलं, "शैला लोंढे, बाद!"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती शैलाताईंनीच. तनूला काय ते माहीत होतं, ती आजीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं, तरी तेही उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. काही म्हाताऱ्या बायका मात्र बसूनच होत्या, पदर डोळ्यांना लावून. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. पुढे खरा सामना झाला आणि क्रॉयडनने वॉटफर्डचा धुव्वा उडवला. नंतर कयल शैलाताईंच्या शेजारी बसून एकाच ताटात बिर्याणी जेवली आणि दर दोन घासांमागे सॉरी म्हणाली, तेव्हा शेवटी शैलाताईंनी तिच्या तोंडात वडापाव कोंबला.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी शैलाताई आपल्या जागी हजर होत्या. पिवळा कोट, काठी, पाटी, आणि पाऊल टाकताना किंचित लंगडणं. कोटाखालून गुडघ्यावरची मोठी पांढरी पट्टी डोकावत होती. रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या सगळ्यात लहान वर्गातली एक चिमुरडी आईचा हात सोडून पट्टीजवळ वाकली आणि तिने विचारलं, मिस, काय झालं?

शैलाताईंनी ही संधी सोडली नाही. गाड्या खोळंबल्या तरी चालतील अशा थाटात त्यांनी काठी बगलेत धरली आणि एका हाताची तीन बोटं तिच्या नाकासमोर नाचवली.

"मला पकडलं," त्या म्हणाल्या. "तीन जणींनी!"

मग त्यांनी पाटी उंच धरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.